चाळिशीत सापडलेली वाट

१९९६ साली न्यूयॉर्कमध्ये सोल गायक ली फील्ड्स यांच्या ध्वनिमुद्रणासाठी कोरस गाणाऱ्या तिघी हव्या होत्या. आल्या एकट्या शेरॉन जोन्स. त्यांनी तिघींचेही भाग एकामागून एक गाऊन दिले. निर्माते गेब्रिएल रॉथ यांनी मग त्यांना स्वतंत्र गाणेही गायला लावले. शेरॉन तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या नावावर एकही अल्बम नव्हता.

४ मे १९५६ रोजी जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे त्यांचा जन्म झाला. फंक संगीताचे अध्वर्यू जेम्स ब्राऊन लहानाचे मोठे झाले तेही याच गावात. शेरॉन लहान असतानाच कुटुंब ब्रुकलिनला आले. गळा घडला तो चर्चमधील गॉस्पेल भक्तिगीतांवर. सोल संगीताचे मूळही तेच. पुढे लग्नसमारंभांत, कोरसमध्ये त्या गात राहिल्या. पण संगीत कंपन्यांनी त्यांना उभे केले नाही. वर्ण फार काळा, बांधा फार जाड, उंची कमी, आणि पंचविशी उलटल्यावर वय जास्त, अशी कारणे त्यांना ऐकावी लागली. आवाजाबद्दल मात्र कोणाची तक्रार नव्हती! पोटासाठी त्यांनी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात रक्षकाची नोकरी केली, रोकड वाहणाऱ्या चिलखती गाडीवर पहाराही दिला.

रॉथ यांना १९६० च्या दशकातील सोल आणि फंकचा ध्यास होता. २००१ मध्ये त्यांनी सॅक्सोफोनवादक नील शुगरमन यांच्यासह डॅपटोन ही कंपनी काढली आणि ब्रुकलिनमधील एका जुन्या घरात स्टुडिओ थाटला. संगणकाला तेथे थारा नव्हता. वादक एका खोलीत एकत्र वाजवत आणि ते टेपवर मुद्रित होई. रॉथ यांचे बास गिटार, ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन असा हा डॅप-किंग्ज बँड आणि पुढे शेरॉन. त्यांचा पहिला अल्बम २००२ मध्ये आला. जुन्या चालीची नक्कल करणारे पुष्कळ असतात. शेरॉन यांचे मात्र बालपणच त्या संगीतात गेले होते. रंगमंचावर त्या नाचत, श्रोत्यांना वर ओढून घेत.

जगाने या वादनाची दखल घेतली ती मात्र दुसऱ्याच आवाजामुळे. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस यांच्या २००६ मधील ‘बॅक टू ब्लॅक’मध्ये याच वादकांची साथ होती. २००८ मध्ये एमी यांना पाच ग्रॅमी मिळाले. वीस-बावीस वर्षांच्या गायिकेसाठी उघडलेले दार पन्नाशीच्या शेरॉन यांना मात्र गावोगावचे दौरे करून स्वतःच ढकलावे लागले. हळूहळू सभागृहे भरू लागली.

आणि २०१३ मध्ये कर्करोगाचे निदान झाले. तयार असलेला अल्बम लांबला. तो जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला ग्रॅमी नामांकनही मिळाले. केमोथेरपीने केस गेले होते. शेरॉन टोप न लावता, तशाच मंचावर आल्या. २०१५ मध्ये टोरांटो महोत्सवात बार्बरा कॉपल यांनी त्यांच्यावर केलेला माहितीपट दाखवण्यात आला. रोग उलटल्याचे शेरॉन यांनी तेथेच जाहीर केले आणि नंतरही दौरे चालू ठेवले. १८ नोव्हेंबर २०१६ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. डॅप-किंग्जचे सहकारी जवळ होते.

वर्षभराने ‘सोल ऑफ अ वुमन’ हा अखेरचा अल्बम आला. त्यातील शेवटचे गाणे शेरॉन यांनी तरुणपणी आपल्या चर्चमधील गायकवृंदासाठी रचलेले आहे.