डिस्नेलँडच्या आधी वॉल्ट डिस्नेने घराच्या परसात रेल्वे चालवली होती

डिस्नेलँड म्हटलं की मिकी माऊस आणि परीकथेतला किल्ला आठवतो. पण १७ जुलै १९५५ ला हे पार्क उघडलं, तेव्हा वॉल्ट डिस्ने तिथल्या स्टेशनात वाफेचं इंजिन स्वतः चालवत आला होता. त्यामागे त्याच्या परसातल्या छोट्या रेल्वेची गोष्ट आहे. ती त्याला तीनच वर्षांत बंद करावी लागली होती.

वॉल्टचा जन्म १९०१ चा, शिकागोचा. बालपणीची काही वर्षं मिझुरी राज्यातल्या मार्सलिनमध्ये गेली. हे गाव वसलंच रेल्वेमुळे. त्याच्या मावशीचे यजमान इंजिन ड्रायव्हर होते. पंधरा वर्षांचा असताना वॉल्टने उन्हाळ्याच्या सुट्टीत रेल्वेच्या डब्यांतून पेपर, गोळ्या-चॉकलेटं विकली. धंद्यात फार काही सुटलं नाही, पण रेल्वेचं वेड कायमचं लागलं.

पुढे मिकी माऊस आला, १९३७ मध्ये स्नो व्हाइट आला आणि वॉल्ट जगभर पोचला. पण १९४० च्या दशकात गाडी रुळावरून घसरली. १९४१ मध्ये त्याच्याच स्टुडिओतल्या कलाकारांनी संप केला. महायुद्धामुळे युरोपातली कमाई थांबली आणि बँकेचं कर्ज वाढत गेलं. पोलो खेळताना मानेला झालेली जुनी दुखापतही त्रास देत होती. डॉक्टरांनी त्याला विश्रांती घ्यायला सांगितलं.

१९४८ मध्ये तो स्टुडिओतला ॲनिमेटर वॉर्ड किंबॉलसोबत शिकागोच्या रेल्वे प्रदर्शनाला गेला. किंबॉलच्या परसात तर खरंखुरं वाफेचं इंजिन होतं! परत आल्यावर ३१ ऑगस्टला वॉल्टने स्टुडिओजवळ एक छोटं पार्क उभारायची कल्पना कागदावर मांडली. त्यात रेल्वे स्टेशनही होतं.

पार्क व्हायला वेळ होता, त्यामुळे आधी घर. लॉस एंजेलिसच्या कॅरोलवूड ड्राइव्हवर नवीन घर बांधताना त्याने परसात सुमारे २,६०० फूट रूळ टाकले. इंजिन खऱ्याच्या आठव्या हिश्शाएवढं, पण कोळशावर आणि वाफेवर चालणारं. स्टुडिओच्या वर्कशॉपमध्ये रॉजर ब्रॉगीच्या देखरेखीखाली ते तयार झालं. शेवटचा डबा वॉल्टने स्वतःच्या हातांनी बनवला.

बायको लिलियनची फुलबाग मध्ये येत होती. मग वॉल्टने वकिलाकडून चक्क करारपत्र करून घेतलं आणि रूळ टाकायच्या हक्कावर बायको आणि मुलींच्या सह्या घेतल्या. अर्थात, हा सगळा गमतीचा मामला होता. बागेखालून ९० फुटांचा बोगदा काढला, तोही नागमोडी, म्हणजे आत शिरल्यावर पलीकडचं टोक दिसू नये. इंजिनाला नाव दिलं लिली बेल, बायकोवरून.

१९५० पासून सुट्टीच्या दिवशी पाहुणे यायला लागले. डब्यांवर घोड्यासारखं बसून लहान-मोठे सगळे फेरी मारायचे. चित्रकार साल्वादोर दालीही या गाडीत बसला होता.

१९५३ मध्ये मात्र गाडी चालवणाऱ्या एका पाहुण्याने वळणावर वेग जास्त ठेवला. गाडी उलटली आणि बाहेर आलेल्या वाफेने एक लहान मुलगी भाजली. वॉल्टने लिली बेल उचलून ठेवली. परसातली रेल्वे कायमची बंद झाली.

पण लिली बेलचे आराखडे वाया गेले नाहीत. तेच मोठे करून डिस्नेलँडसाठी इंजिनं बनवली गेली. पार्कभोवती तीन फूट रुंदीचे रूळ पडले. इथे गाडी प्रशिक्षित ड्रायव्हर चालवणार होते, पाहुण्यांनी फक्त बसायचं होतं. विशेष म्हणजे पार्क एका कंपनीचं असलं, तरी ही रेल्वे वॉल्टच्या कुटुंबाच्या खासगी कंपनीची होती. पुढे या कंपनीचं नाव झालं रेटलॉ, म्हणजे वॉल्टर हे इंग्रजी नाव उलटं. १९६६ मध्ये वॉल्ट गेला, पण ही मालकी १९८२ पर्यंत घरातच राहिली.

वॉल्ट ज्या लाकडी कोठारातून परसातल्या रेल्वेचे सांधे बदलायचा, ते आज लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आहे. स्वयंसेवक ते लोकांना मोफत दाखवतात. लिली बेल मात्र सॅन फ्रान्सिस्कोत, वॉल्टच्या मुलीने उभारलेल्या म्युझियममध्ये आहे. ज्या मुलींकडून त्याने रूळ टाकायची परवानगी घेतली होती, त्यांच्यातल्याच एकीने बापाचं इंजिन जपलं आणि सगळ्यांना बघायला ठेवलं.