औंधचे राजेसाहेब आणि भिंतींवाचूनचा तुरुंग

मार बसल्यावाचून वळण लागत नाही, असा समज आपल्या घराघरांत रुजलेला आहे. मुलाच्या पाठीत धपाटा घालण्यापासून गुन्हेगाराच्या पायांत बेड्या ठोकण्यापर्यंत हाच न्याय चालत आला. या समजुतीची परीक्षा आपल्याच महाराष्ट्रात एका राजाने घेतली. ते राजे म्हणजे औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ सालचा. १९०९ साली ते गादीवर आले. संस्थान लहान, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. परंतु मन मोठे. ते उत्तम चित्रकार होते, कीर्तन करीत, विद्वानांना आश्रय देत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनीच जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. महाराष्ट्राच्या घरोघरी त्यांचे नाव पोहोचले ते सूर्यनमस्कारांमुळे. स्वतः पहाटे उठून ते नमस्कार घालीत आणि शाळांतील मुलामुलींकडूनही घालून घेत. असा शिस्तीचा भोक्ता पुरुष गुन्हेगारांविषयी ढिला असेल, असे कोणी म्हणणार नाही.

१९३९ साली त्यांनी महात्माजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. या कामी त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनियर यांचे मोठे साहाय्य झाले. त्याच साली आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. हा तुरुंगच होता. पण त्याला उंच भिंती नव्हत्या आणि कैद्यांच्या पायांत बेड्याही नव्हत्या. खुनासारख्या गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणारी माणसे तेथे जमीन कसू लागली, घामाची भाकरी खाऊ लागली आणि बायकामुलांसह राहू लागली.

ही शेवटची गोष्ट आपण स्त्रियांनी विशेष ध्यानात घ्यावी. पुरुष गजाआड गेला की शिक्षा एकट्याला होत नाही. मागे राहिलेली त्याची बायको लोकांची बोलणी खाते आणि मुले उघड्यावर पडतात. संसार सांभाळण्याची जबाबदारी अंगावर राहिली, तर माणसाला पळून जाण्यापेक्षा थांबून राहण्याचे कारण मिळते.

येथे कोणी विचारील, ज्या घरचा माणूस मारला गेला त्या घराने काय करावे? प्रश्न रास्त आहे. स्वतंत्रपुरात अपराध माफ झाला नव्हता. कैदी हा कैदीच होता, मेहनतही चुकली नव्हती. काढून टाकली होती ती केवळ विटंबना. शिवाय अशा वसाहतीत निवडून घेतलेलेच कैदी ठेवता येतात, हेही खरे.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले आणि १९५१ साली बाळासाहेब निवर्तले. राजेपण गेले, परंतु स्वतंत्रपूर टिकले. आटपाडी भागातलेच सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर, ही जोडी पुष्कळांच्या स्मरणात असेल. तिच्यामागे उभे असलेले औंधकर मात्र विस्मरणात गेले.

भीतीने माणूस हात आवरतो, पण पाहणारा दूर झाला की तोच हात पुन्हा उठतो. विश्वास टाकला आणि त्याबरोबर कामाचा भार दिला, तर पाहणारा त्याच्या स्वतःच्याच मनात बसतो. राजेसाहेबांनी खुनी माणसाच्या बाबतीत एवढा धीर धरला. आपल्यासमोर तर दूध सांडणारी, खोटे बोलणारी, अभ्यास चुकविणारी पोटची लेकरे आहेत. सांडलेले दूध त्यांच्याकडूनच पुसून घ्यावे, चुकलेला अभ्यास शेजारी बसून करून घ्यावा. शिस्त अवश्य असावी. हात उगारण्याची मात्र गरज नाही.