पाण्याची वाट सोडून घर बांधा, हे शंभर वर्षांपूर्वी सांगणारा वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत घर बांधायचं म्हटलं की आधी नगर परिषदेत नकाशा टाकावा लागतो. प्लॉट केवढा, त्यातल्या किती जागेवर बांधकाम, पुढे-मागे आणि बाजूला किती जागा मोकळी, मजले किती, सांडपाणी कुठे सोडणार, हे सगळं त्यात दाखवावं लागतं. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली लागू आहे. अनेकांना हा सगळा कागदी त्रास वाटतो. जागा आपली, पैसा आपला, मग मागे दोन हात जागा सोडली काय आणि नाही सोडली काय?

या प्रश्नाचं उत्तर पावसाळ्यात मिळतं. भंडारा जिल्ह्यात वर्षाला साधारण १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावरून दहा हजार लिटर पाणी खाली येतं. तिथे घर नव्हतं तेव्हा त्यातलं बरंचसं मातीत मुरायचं आणि उरलेलं उताराने बोडीत किंवा तलावात जायचं. आता प्लॉटभर स्लॅब आणि उरलेल्या जागेत फरशी असेल, तर तेच पाणी रस्त्यावर येतं आणि तिथून ज्याचं जोतं खाली त्याच्या घरात शिरतं.

म्हणजे प्लॉटचा किती भाग झाकायचा हा प्रश्न एकट्या घरमालकाचा नाही, अख्ख्या आळीचा आहे. भारतातल्या गावोगावच्या गल्ल्या पायी फिरून हे सांगणारा एक स्कॉटिश माणूस होता, पॅट्रिक गेडिस. गंमत म्हणजे ते इंजिनिअर नव्हते आणि आर्किटेक्टही नव्हते. वनस्पतीशास्त्र शिकवायचे.

डोळे गेले आणि बघायला शिकले

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावात झाला. वडील सैन्यात होते. पुढे कुटुंब पर्थ शहराजवळ राहायला गेलं. तिथली बाग आणि आजूबाजूच्या टेकड्या हीच पोराची पहिली शाळा ठरली. तरुणपणी लंडनला जाऊन ते टी. एच. हक्सली या प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञाकडे शिकले.

१८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या माणसासाठी हा मोठाच घाव होता. त्या अंधारात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी चाचपता चाचपता त्यांना एक युक्ती सुचली. कागदाला घड्या घालून चौकोन करायचे, एकेका चौकोनात एकेक विषय ठेवायचा आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय ते तपासायचं. जागा, काम आणि माणसं या तीन गोष्टी वेगळ्या करून चालत नाही, हा त्यांचा पुढचा सगळा विचार याच सवयीतून आला.

दृष्टी परत आली, पण तासन् तास सूक्ष्मदर्शकात डोकं घालणं आता जमणार नव्हतं. झाड ज्या जमिनीत उभं आहे ती जमीन पाहिल्याशिवाय झाड कळत नाही, हे त्यांना माहीत होतं. मग माणसाचं घर तरी वेगळं कसं कळेल? गेडिस शहरांकडे वळले.

झोपडपट्टीत संसार

१८८६ मध्ये त्यांचं लग्न ॲना मॉर्टन यांच्याशी झालं. ॲना या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मुलगी. चांगल्या वस्तीत घर घेणं दोघांना सहज शक्य होतं. पण ते एडिंबराच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या कोंदट, पडक्या चाळवजा इमारतीत राहायला गेले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंतींना चुना दिला, कचरा उपसला, मोकळ्या कोपऱ्यांत बागा लावल्या. अगदीच मोडकळीला आलेलं तेवढं पाडलं आणि बाकीचं दुरुस्त केलं.

याच अनुभवातून त्यांची पद्धत तयार झाली. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर दुखरा भाग शोधतो आणि तेवढाच कापतो. शहराचंही तसंच करायचं. आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी गरजेपुरतीच काटछाट. १८८८ पासून पुढची तीसेक वर्षं ते डंडीच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक होते, पण त्यांचा जीव शहरांत गुंतला होता. शहरं वाढत वाढत एकमेकांना चिकटतात, त्या प्रकाराला कॉनर्बेशन हे नाव त्यांनीच १९१५ च्या आपल्या पुस्तकात दिलं.

बुडालेलं प्रदर्शन

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी गेडिस यांना भारतात बोलावलं. शहरांचे नकाशे, चित्रं आणि आराखडे यांचं एक मोठं प्रदर्शन त्यांनी अनेक वर्षं खपून जमवलं होतं. ते क्लॅन ग्रँट या जहाजावर चढवलं. पण पहिलं महायुद्ध पेटलं होतं. ऑक्टोबरमध्ये जर्मन युद्धनौका एम्डेनने ते जहाज बुडवलं आणि प्रदर्शन समुद्राच्या तळाशी गेलं. याच एम्डेनने महिनाभर आधी मद्रासवर तोफा डागल्या होत्या.

दुसरा कुणी असता तर परत गेला असता. गेडिस यांनी मायदेशातल्या मित्रांकडून नवं साहित्य मागवलं आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासमध्ये प्रदर्शन उभं केलं. त्यानंतर ते भारतातल्या शहरांमागून शहरं पालथी घालत राहिले. ठाणे, नागपूर, इंदूर, लखनौ, लाहोर, ढाका अशी ही यादी मोठी आहे. एकूण सुमारे पन्नास गावांवर त्यांनी अहवाल लिहिले. नागपूरचा अहवाल १९१७ चा. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती आणि साकोली याच प्रांताच्या भंडारा जिल्ह्यातली तहसील.

कामाची पद्धत साधी होती. हातात नकाशा घ्यायचा आणि गल्लीबोळ पायी तुडवायचे. सोबतचे अधिकारी थकायचे, हे थकत नसत.

रस्ता मोठा की घर मोठं?

तो प्लेगचा काळ होता. दाटीवाटीची वस्ती दिसली की सरसकट पाडायची, सरळ आणि रुंद रस्ता काढायचा, हा तेव्हाचा सरकारी खाक्या. गेडिस यांनी विचारलं, घरं पाडलेली माणसं जाणार कुठे? ती शेजारच्या आळीत भाड्याने शिरतात, दोन खोल्यांत चार कुटुंबं होतात आणि रोगराई तिकडे सरकते. नकाशावर मोकळी जागा वाढते आणि माणसाच्या वाट्याची खोली मात्र आकसते.

कुटुंबाची पहिली गरज घरात पुरेशी जागा ही आहे, यावर त्यांचा भर होता. अरुंद बोळ सावली देतात, ते राहू द्या. त्याऐवजी पडकी, ओस घरं शोधा, तेवढीच काढा आणि तिथे झाडाखालचा छोटा चौक होऊ द्या. हवा येते, पोरं खेळतात, पाणी मुरतं. तंजावरच्या अहवालात त्यांनी म्युनिसिपालिटीचा पाडापाडीचा आराखडा आणि स्वतःचा दुरुस्तीचा आराखडा शेजारी शेजारी मांडले. त्यांच्या आराखड्यात घरंही कमी पडत होती आणि पैसाही कमी लागत होता.

तलाव बुजवायला विरोध

डासांमुळे हिवताप होतो हे सिद्ध झाल्यावर गावातले तलाव बुजवून टाकायची लाटच आली होती. गेडिस यांनी त्याला विरोध केला. तलाव घाण झाला असेल तर साफ करा, डासांच्या अळ्या खायला मासे आणि बदकं सोडा, पण बुजवू नका, असा त्यांचा आग्रह होता. कारण तलाव पावसाचं पाणी पोटात घेतो आणि उन्हाळ्यात आजूबाजूची हवा थंड ठेवतो.

साकोलीकरांना हे वेगळं सांगायला नको. भंडारा हा तलावांचाच जिल्हा. कोहळी समाजाच्या लोकांनी या भागात पिढ्यान् पिढ्या तलाव आणि बोड्या बांधल्या, त्यावर धानाच्या बांध्या पिकल्या. मालगुजारी गेल्यावर त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव हे नाव पडलं. पाळ, सांडवा आणि पाट मिळून ही एक अख्खी व्यवस्था होती. एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात जायचं. मधल्या वाटेत घर आलं की ही साखळी तुटते.

इंदूरची दिवाळी

होळकरांच्या इंदूरवर गेडिस यांनी १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. शहराची सगळी घाण महागड्या नळांतून वाहून नदीत सोडण्यापेक्षा तिचं खत करून बागा-मळ्यांत वापरा, असं त्यांनी सुचवलं. गटाराचा विचार घरापासून आणि शेतापासून तोडू नका, हा त्यामागचा मुद्दा होता.

पण इंदूर त्यांना ओळखतं ते दिवाळीच्या मिरवणुकीमुळे. प्लेग गावात ठाण मांडून होता. गेडिस यांनी जाहीर करवलं की मिरवणूक त्याच रस्त्यांनी जाईल, जिथली घरं सर्वांत स्वच्छ आणि नीट दुरुस्त केलेली असतील. आळ्याआळ्यांत चुरस लागली. गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि घाणीचा राक्षसही. शेवटी दोघांना जाळलं. सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, नव्या झाडूंसह मानाने चालले. दंड न करता लोक घरं साफ करतात, हे इंदूरने पाहिलं.

मुंबईतली शेवटची वर्षं

याच काळात घरावर संकट कोसळलं. एप्रिल १९१७ मध्ये मोठा मुलगा अलास्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा भारतात आजारी होत्या. त्यांना ही बातमी सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती लपवून ठेवली. जूनमध्ये ॲना गेल्या, मुलगा गेल्याचं न कळताच.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक गेडिस. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. त्यांच्याच शिफारशीने घुर्ये इंग्लंडला शिकायला गेले आणि १९२४ मध्ये गेडिस यांच्यानंतर विभाग सांभाळू लागले. भारतातल्या समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. गेडिस मात्र तब्येतीमुळे फ्रान्सला गेले. मोंपेलिए इथे त्यांनी एक शिक्षणसंस्था उभारली आणि १७ एप्रिल १९३२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

त्यांचे अनेक अहवाल कपाटातच राहिले. एक तर अधिकाऱ्यांना त्यात स्वतःवरची टीका दिसायची. दुसरं, गेडिस यांचं लिहिणं आणि बोलणं एका विषयावरून दहा विषयांवर जाणारं. नियम करायला सोपा आकडा त्यांनी क्वचितच दिला.

नियमावलीत आता आकडे आहेत. मोकळ्या जागेचे आहेत, उंचीचे आहेत. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम करताना पावसाचं पाणी जिरवण्याची सोयही करावी लागते. पण साकोलीतली बहुतेक घरं त्याहून लहान प्लॉटवरची. तिथे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे नकाशा काढण्याआधी मालकानेच पाहायला हवं. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. जुलैतल्या एखाद्या जोरदार पावसात छत्री घेऊन आपल्या प्लॉटभोवती आणि खालच्या बोडीपर्यंत एक चक्कर मारायची. गेडिस गावोगाव हेच करायचे. त्या चकरेत दिसलेली पाण्याची वाट आधी कागदावर आखायची आणि मग उरलेल्या जागेत घर बसवायचं.