प्लेगच्या लशीमागचा माणूस : वाल्देमार हाफकिन

आमच्या बिद्री-कागल भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून कधीतरी प्लेगची साल येते. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं, असा तो काळ. आज आपल्या भागात त्या रोगाचं नाव क्वचितच ऐकू येतं. त्यावर पहिली लस मात्र आपल्याच मुंबईत तयार झाली आणि ती करणारा माणूस ना हिंदू होता, ना मुसलमान, ना इंग्रज. तो रशियातला एक यहुदी होता, आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा म्हणून पुढे आले ते आपल्यातलेच एक वीस वर्षांचे इमाम.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी ओडेसा शहरात झाला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र शिकलं, मेचनिकोव्ह या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली. यहुद्यांच्या वस्त्यांवर हल्ले व्हायचे तेव्हा वस्ती राखणाऱ्या तरुणांत ते होते. त्यात जखमी झाले, अटकही झाली. हुशारी असून प्राध्यापकाची जागा मिळाली नाही, कारण त्यासाठी धर्म बदलावा लागणार होता आणि ते तयार नव्हते. शेवटी देश सोडला. 1889 साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम मिळालं तेही ग्रंथालयातल्या मदतनिसाचं. फावल्या वेळात प्रयोगशाळेत बसून त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै 1892 मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

1893 साली ते कोलकात्याला आले. ते डॉक्टर नव्हते, ही गोष्ट इथल्या सरकारी डॉक्टरांच्या मनात कायम सलत राहिली. हाफकिन यांचं वेगळेपण कुठं होतं ते मात्र 1894 साली कोलकात्याच्या कट्टल बागान वस्तीत दिसलं. तिथल्या साधारण 200 लोकांपैकी 116 जणांनी लस घेतली. बाकीच्यांनी घेतली नाही. हाफकिन यांनी दोघांचीही नोंद ठेवली. पुढे कॉलरा आला तेव्हा आजारी पडलेले सगळे लस न घेतलेल्यांतले निघाले. एकाच गल्लीत, एकच पाणी पिणाऱ्या माणसांची अशी तुलना करायची ही पद्धत आज जगभर औषध तपासताना वापरतात. त्यांच्याबरोबर चौधरी, घोष, चॅटर्जी, दत्त असे बंगाली डॉक्टर फिरत. वस्तीत परका साहेब एकटा गेला असता तर दार उघडलं नसतं, हे त्यांना कळत होतं.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा मिळाला, सोबत एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर तीनेक महिन्यांत लस उभी राहिली.

ती कशी बनवत, हे आपल्या वाचकांनी जरूर समजून घ्यावं. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात त्यासाठी बैलाचं मांस वापरत. इथं गाईचं चालणार नाही आणि डुकराचंही चालणार नाही. हाफकिन यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे. मग ते उष्णता देऊन मारायचे आणि कार्बोलिक घालून बाटल्या बंद करायच्या. लस टोचून घेणाऱ्याच्या ताटात काय चालतं याचा विचार प्रयोगशाळेत बसून करणारा शास्त्रज्ञ तेव्हा दुर्मीळच. आजही लशीत अमुक आहे, तमुक आहे असे मेसेज मोबाइलवर फिरतात. त्याचं उत्तर रागावून देता येत नाही, असंच द्यावं लागतं.

10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली. ताप आला, दुखलं, तरी कामावर होते. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या कैद्यांतून जे राजी होते त्यांनाच लस दिली. पुढे बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात 1898 साली एकेका कुटुंबातल्या काहींना टोचलं, काहींना नाही. ज्या घरांत प्लेग झाला त्यात लस घेतलेल्या 71 जणांपैकी 8 आजारी पडले आणि 3 गेले. न घेतलेल्या 64 पैकी 27 आजारी पडले, त्यातले 26 गेले.

पण आकडे कितीही खरे असले तरी मोहल्ल्यात ते कोण सांगणार? सरकारने जबरदस्तीचा मार्ग धरला होता. घरात घुसून झडत्या, रोग्याला ओढून दवाखान्यात नेणं, बायकांची तपासणी. पुण्यात जून 1897 मध्ये रँडचा खून झाला तो याच रागातून. मुंबईत 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं आणि दंगल पेटली, लोक मेले. त्या विणकरांना आडमुठे म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. परदा पाळणाऱ्या घरात अनोळखी पुरुष बूट घालून शिरला तर कोण गप्प बसेल?

याच मुंबईत तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी दुसरा रस्ता दाखवला. त्यांचा जन्म 1877 चा, म्हणजे वय वीसच्या आत-बाहेर. त्यांनी आपल्या खोजा जमातीसमोर उघडपणे लस टोचून घेतली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. लोकांनी पाहिलं की इमाम चालताबोलता आहे. बघता बघता दहा-बारा हजार खोजांनी लस घेतली. प्रयोगशाळेला जागा अपुरी पडली तेव्हा माझगावचा आपला खुश्रू लॉजही त्यांनी हाफकिन यांना दिला. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेरही पडू नये, ही शिकवण पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी चौदाशे वर्षांपूर्वी दिली आहे, आणि हजरत उमर (र.) शामच्या वाटेवरून प्लेगमुळे मागे फिरले होते. म्हणजे काळजी घेणं हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, हे आपल्या घरात जुनंच आहे.

1899 साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. लाखो डोस बाहेर पडू लागले. आणि मग मुलकोवालचं प्रकरण झालं.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून ज्या 19 जणांना दिली ते सगळे धनुर्वाताने गेले. बाकीच्या बाटल्यांचं कुणाला काही झालं नाही. चौकशी समितीने बोट दाखवलं मुंबईच्या प्रयोगशाळेकडे. हाफकिन यांनी लस लवकर व्हावी म्हणून कार्बोलिकऐवजी उष्णतेवर भर दिला होता, तोच दोष ठरला. त्यांना कामावरून दूर केलं. पुढे उघड झालं की बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. हे कागद समोर असूनही सरकार हललं नाही. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्रं लिहिली तेव्हा कुठे 1907 साली त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. पाच वर्षं गेली. त्यांना परत घेतलं ते कोलकात्यात, मुंबईची प्रयोगशाळा काही मिळाली नाही. एका परक्या, डॉक्टर नसलेल्या यहुद्यावर दोष ढकलणं सोयीचं होतं, असं तेव्हाही अनेकांना वाटलं आणि मलाही वाटतं. ती 19 माणसंही कुणाची तरी होती, हे मात्र विसरता येत नाही. आज आपल्या उपकेंद्रात प्रत्येकासाठी नवी सुई फोडतात, बाटलीवरचा बॅच नंबर लिहून ठेवतात. हा नंबर कशाला, असं विचारणाऱ्या आईला मुलकोवालची गोष्ट सांगता येईल.

1914 च्या सुमारास हाफकिन निवृत्त होऊन युरोपात गेले. शेवटच्या काळात ते आपल्या धर्माच्या फार जवळ गेले, नेमाने पाळू लागले. लग्न केलं नव्हतं. आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातल्या यहुदी धर्मशाळांच्या, म्हणजे आपल्याकडच्या मदरशांसारख्या संस्थांच्या नावे केली. 1897 ते 1925 या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीचे 2 कोटी 60 लाख डोस गेले होते. 1925 साली परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं, तेव्हा ते हयात होते. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. 1964 साली भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. आपल्या मुलांच्या तोंडात पडलेले पोलिओचे कितीतरी थेंब परळच्या त्याच आवारातून आलेले आहेत.