राजनांदगावच्या वाटेवर : रेव्ह. नारायण वामन टिळक

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या गाडीने आपण प्रवास केलात, तर डोंगरगड मागे पडल्यावर राजनांदगावचे स्थानक लागते. तेथून रायपूर सुमारे ७० किलोमीटर. रविवारच्या उपासनेत ज्यांची गीते आपण आजही भक्तिभावाने गातो, त्या रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या आयुष्याला याच लोहमार्गावर निर्णायक वळण मिळाले. टिळक म्हटले की अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आठवते. छत्तीसगढचा हा भाग मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानी नसतो, म्हणून आज तोच थोडा विस्ताराने आपणापुढे ठेवीत आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले यांच्या मनूताईंशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे आपल्या लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचे चित्त एका ठिकाणी कधी स्थिरावले नाही. शिक्षक, पुरोहित, छापखान्यातील जुळारी अशी अनेक कामे त्यांनी केली आणि सोडली. १८९१ च्या सुमारास नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले, आणि ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी काही काळ चालविले. संसाराला मात्र अन्नाची शाश्वती नव्हती.

अशा स्थितीत १८९३ साली ते राजनांदगाव संस्थानातील नोकरीसाठी नागपुरातून निघाले. डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. त्याने त्यांना सौजन्याने जागा करून दिली. प्रथम संस्कृत काव्याविषयी आणि नंतर प्रभू येशूविषयी संभाषण झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते धाडसाचे वाटले. पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि पाळले. हे गृहस्थ म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर टिळकांना पुढचे पान उलटवेना.

आता राजनांदगावातील त्यांची परिस्थिती ध्यानी घ्या. हे संस्थान वैष्णव बैरागी महंतांच्या परंपरेतील होते. तत्कालीन राजे बलरामदास हे दानशूर गृहस्थ. १८९२ साली सुरू झालेली रायपूर शहराची पाणीपुरवठा योजना त्यांच्याच देणगीतून उभी राहिली आणि त्यांच्याच नावाने ओळखली गेली. धनी वाईट होता, अशी ही गोष्ट नाही. परंतु संस्थानी नोकरी ही मर्जीची नोकरी. नोकराच्या विवेकाला संरक्षण देणारा कायदा तेथे नव्हता. सद्‌सद्‌विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याची हमी देणारी आपली राज्यघटना अमलात यावयास अजून ५७ वर्षे होती. शिवाय आश्रित कोण, तर ब्राह्मण विद्वान. त्याची विद्वत्ता आणि त्याचा धर्म हेच त्याचे भांडवल. त्याच्या मनात ख्रिस्ताविषयी ओढ आहे हे उघड झाले असते तर सहकारी, शेजारी आणि आप्त यांनी काय केले असते, हे त्यांना सांगावयास नको होते.

टिळकांनी मग काय केले? ख्रिस्ती नियतकालिकांना आपले नाव लपवून पत्रे लिहिली आणि शंका विचारल्या. थोर कवीला हे शोभले नाही, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्याच्या घरी पत्नी व लहान मूल आहे आणि ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती आहे, त्याने सत्याचा शोध थांबविला नाही हेच मला मोठे वाटते. आपल्यापैकी कितीतरी जण कार्यालयात, कारखान्यात वा शाळेत काही विश्वास आणि काही मते मनातच ठेवून दिवस काढतात. त्यांना टिळकांची ती निनावी पत्रे समजतील.

हे लपविणे त्यांना फार काळ सहन झाले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या हातून. किंमत लगेच चुकवावी लागली. जातीने त्यांना टाकले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. दत्तूला घेऊन त्या पंढरपुरात नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पतिपत्नींचा विरह काही वर्षे चालला. येथे टिळकांचा मोठेपणा पाहावा. स्वतःच्या विवेकासाठी ज्याने सर्वस्व दिले, त्याने पत्नीच्या विवेकावर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याजवळ आल्या तेव्हा सोवळेओवळे सांभाळून आल्या, आणि ते त्यांनी सांभाळू दिले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने.

येथवरची कथा आपण उत्साहाने सांगतो. तिचा उत्तरार्ध सांगताना मात्र आपला आवाज थोडा खाली येतो. टिळक अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत आले, तेथील ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकवू लागले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादकत्व त्यांच्याकडे आले. डॉ. ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांवर त्यांचे निरतिशय प्रेम होते. तरीही भारतीय मंडळी परदेशी पैशावर आणि परदेशी हुकमतीवर चालावी, हे त्यांना पटेना. मिशनऱ्यांना उद्देशून त्यांनी एक कविता लिहिली, तीत मंडळीला बाहुल्यांसारखे नाचविले जाते अशी जळजळीत तक्रार होती. ख्रिस्ती झाल्याने आपण देशाला परके झालो, हेही त्यांनी कधी मानले नाही. ही मते ते मिशनची सेवा करीत असतानाच मांडीत होते. त्यांचे संपादकत्व टिकले, याचे श्रेय मिशनलाही द्यावयास हवे. आपल्या आजच्या संस्थांमध्ये, म्हणजे आपल्या शाळांत, रुग्णालयांत आणि सभांच्या कार्यालयांत, विश्वस्तांविरुद्ध असे उघड लिहिणारा शिक्षक वा कारकून किती दिवस कामावर राहील, हा प्रश्न मी आपणासमोर ठेवतो. उत्तर आपल्या अनुभवाने द्यावे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व ख्रिस्ती संन्यास पत्करला. कोणी काढून टाकले म्हणून नव्हे. वेतन घेऊन सांगितलेल्या सुवार्तेकडे लोक संशयाने पाहतात, हे शल्य त्यांना जुने होते. साताऱ्यास जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून तेथे जागा होती. मंडळीतील काहींना ही कल्पना रुचली नाही. टिळकांनी ती सोडली नाही.

या कार्यासाठी त्यांना दोन वर्षेही लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभूपाशी गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे चालविण्यासाठी लेखणी हाती घेतली, ती लक्ष्मीबाईंनी.