शामराव परुळेकर : डोंगरातून लोकसभेकडे

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ठाणे मतदारसंघाने दोन सभासद लोकसभेवर पाठविले. त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्यीय असत. एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी राखीव. ठाण्याची राखीव जागा अनुसूचित जमातींची होती. ती लक्ष्मण महादू मातेरा यांनी जिंकली आणि सर्वसाधारण जागेवर शामराव विष्णू परुळेकर निवडून आले. दोघेही कम्युनिस्ट पक्षाचे होते व दोघांनाही संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेचे बळ मिळाले होते. परंतु डहाणू, उंबरगाव आणि जव्हार-मोखाड्याकडील डोंगरपट्ट्यात या विजयाचा अर्थ निवडणुकीच्या लाटेपुरता मर्यादित नव्हता. ज्यांना सावकाराच्या ओट्यासमोर मान वर करून उभे राहण्याची सोय नव्हती, त्यांचे गाऱ्हाणे आता देशाच्या सर्वोच्च सभागृहाच्या दारापर्यंत पोहोचले होते. ते तेथपर्यंत नेणाऱ्या माणसाचा जीवनक्रम आजच्या लोकप्रतिनिधींनी आणि त्यांना निवडून देणाऱ्यांनी एकदा नजरेखालून घालावा असा आहे.

शामरावांचा जन्म १९०२ चा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात त्यांची सार्वजनिक घडण झाली. कामगार चळवळीचे अध्वर्यू नारायण मल्हार जोशी याच समाजाचे. अभ्यास, आकडेवारी, अर्जविनंत्या आणि सनदशीर वाद ही त्या संस्थेची शिस्त होती. पुढे शामरावांनी त्या संस्थेचा मार्ग सोडला. परंतु कागद नीट वाचण्याची आणि मागणी नेमक्या शब्दांत मांडण्याची सवय त्यांनी कधीच सोडली नाही.

१९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या निवडणुका झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नुकत्याच स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे शामराव रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले. कोकणात त्या वेळी खोतीचा जाच होता. खोत सरकारसाठी सारा वसूल करी आणि त्या अधिकाराच्या आडून कुळांकडून धान्य, वेठ आणि मानपान उकळी. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करणारे विधेयक सभागृहात आणले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्याच्या पुढाऱ्यांत शामराव होते. विधेयक त्या सभागृहात तडीस गेले नाही. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. एका न्याय्य मागणीला कायद्याचे रूप यायला बारा वर्षे लागतात, हा धडा शामरावांना सभागृहातील पहिल्याच खेपेस मिळाला.

१९३८ मध्येच ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेला गेले. याच संघटनेने १९३० मध्ये सक्तीच्या श्रमाविरुद्ध करार संमत केला होता. जिनिव्हाच्या दालनात सक्तीचा श्रम हा कलमांचा आणि उपकलमांचा विषय होता. मुंबईपासून शंभर मैलांच्या आत तो हजारो कुटुंबांचा रोजचा दिवस होता, हे शामरावांना काही वर्षांनी प्रत्यक्ष पाहावयाचे होते.

१९३९ मध्ये शामरावांचा गोदावरी गोखले यांच्याशी विवाह झाला. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री-सभासद होत्या. त्याच सुमारास दोघांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० मध्ये दोघांना तुरुंगवास घडला. सुटकेनंतर त्यांनी शेतकऱ्यांत काम सुरू केले आणि जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरविली. तेथे उंबरगावकडील काही वारली आले होते. त्यांनी आपली हकीकत सांगितली आणि परुळेकर दांपत्याच्या आयुष्याची दिशा बदलली.

ती हकीकत सरकारी दप्तराला अपरिचित नव्हती. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीचा अहवाल युद्धापूर्वीच लिहून ठेवला होता. जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या होत्या आणि त्यांचा मूळ मालक त्यांच्यावर कूळ किंवा मजूर म्हणून राबत होता. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी सुगीला वाढून परत करावी लागे. लग्नासाठी थोडे रुपये उचलले की नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी बांधले जात. त्यांना लग्नगडी म्हणत. किती वर्षे राबल्यावर ते कर्ज फिटते, याचा हिशेब सावकाराच्या वहीत असे आणि वही वाचण्याची विद्या लग्नगड्याकडे नसे. अहवाल छापला गेला, वाचला गेला आणि कपाटात गेला. अहवाल आणि माणूस यांच्यात जे अंतर असते ते कोणीतरी चालून जावे लागते.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची सभा झाली. वेठ करायची नाही, आपल्या शेताचे काम सोडून सावकाराच्या शेतावर फुकट राबायचे नाही, असा निर्धार तेथे झाला. वेठीची पद्धत थोड्याच काळात कोलमडू लागली आणि लग्नगडी मोकळे होऊ लागले. पुढचा प्रश्न मजुरीचा होता. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत याच डोंगरउतारांवरून जाई. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, या मागणीसाठी त्या वर्षी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. तलवाडा आज विक्रमगड तालुक्यात आहे. त्या हुतात्म्यांचे स्मरण या भागात अजून दरवर्षी होते. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढण्यात आले. शामरावांनी या लढ्याचा वृत्तांत १९४७ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

जव्हार हे तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. झेंडा बदलला, तरी सावकाराची वही आणि जंगलाच्या ठेकेदाराचा भाव एका दिवसात बदलला नाही. किसान सभेचे काम पुढे वाडा, जव्हार, मोखाडा या बाजूंना पसरले आणि १९५५ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन डहाणूला भरले. देशभरचे शेतकरी पुढारी या आडवळणाच्या तालुक्यात आले, ही घटना त्या भागाच्या दृष्टीने लहान नव्हती.

स्वतंत्र भारताच्या सरकारचा आणि शामरावांचा संबंधही सरळ राहिला नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली त्यांना अटक झाली, तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९५२ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शामराव परुळेकर विरुद्ध ठाण्याचे जिल्हा दंडाधिकारी या नावाने भेटतो. ज्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याने त्यांना स्थानबद्ध केले होते, त्याच जिल्ह्याच्या मतदारांनी पाच वर्षांनी त्यांना लोकसभेत पाठविले. लोकशाहीची ताकद आणि तिची विसंगती या एका घटनेत एकत्र दिसते.

१९५७ हे वर्ष या भागाच्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. १ एप्रिल १९५७ हा मुंबई राज्याच्या कूळकायद्याने ठरविलेला कृषकदिन. त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाणार होते. कायदा चांगला होता. परंतु ज्याची कूळवहिवाट तोंडी होती, ज्याचे नाव तलाठ्याच्या दप्तरी चढलेच नव्हते, त्याला सातबाऱ्याच्या एका कोऱ्या रकान्याने मालकीपासून दूर ठेवले. त्याच सुमारास वैतरणा नदीवर मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला मोडकसागर जलाशय पुरा झाला. मोखाडा-वाड्याकडच्या पावसाचे पाणी मुंबईला जाऊ लागले. जमीन आणि पाणी हे दोन्ही प्रश्न डोंगरातले; परंतु त्यांची उत्तरे मुंबईत आणि दिल्लीत ठरत होती.

लोकसभेतील त्या पाच वर्षांत स्थानिक आणि राष्ट्रीय प्रश्न असे दोन वेगळे कप्पे शामरावांसारख्या सभासदापुढे उरलेच नव्हते. भाषिक राज्याचा प्रश्न संबंध देशाचा होता. परंतु १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव तालुक्यातील ५० गावे गुजरातेत गेली. एकाच वारली समाजाची वस्ती दोन राज्यांत वाटली गेली. दादरा आणि नगर हवेली हा परराष्ट्र धोरणाचा विषय होता. परंतु १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्ता तेथून उखडण्याच्या लढ्यात याच पट्ट्यातील किसान सभेचे आदिवासी कार्यकर्ते उतरले होते, आणि १९६१ मध्ये संसदेने तो प्रदेश भारतात सामील करून घेतला. त्या काळात ढेबर आयोगाने अनुसूचित क्षेत्रांची पाहणी करून आपला अहवाल दिला. जिनिव्हाच्या सक्तश्रमविरोधी कराराला भारताने १९५४ मध्येच मान्यता दिली होती. झरीच्या सभेत अंगठेबहाद्दर वारल्यांनी जे ठरविले, तेच राज्यघटनेच्या २३ व्या कलमात वेठबिगारीच्या बंदीच्या रूपाने अवतरले होते.

या कार्यपद्धतीशी जगात एक जुने साम्य आढळते. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील कुळांचे दुःख १८७९ मध्ये मायकेल डेव्हिट यांनी लँड लीगच्या रूपाने संघटित केले आणि पार्नेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लंडनच्या पार्लमेंटात इतक्या चिकाटीने मांडले की १८८१ मध्ये ब्रिटिश सरकारला आयर्लंडसाठी नवा जमीनकायदा करावा लागला. सभागृहातील भाषणामागे शेतात उभी असलेली संघटना होती, म्हणून त्या भाषणाला वजन होते. शामरावांच्या बाबतीतही हेच घडले. वैधानिक कार्यावर त्यांची अंधश्रद्धा नव्हती आणि त्याविषयी तुच्छताही नव्हती.

त्यांच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. पक्षाच्या आंतरराष्ट्रीय निष्ठांमुळे त्यांच्या राजकारणावर अनेकदा कठोर टीका झाली, आणि युद्धकाळातील कम्युनिस्टांची बदलती भूमिका अनेक देशभक्तांना मान्य झाली नाही. १९६२ नंतर या भागाचे प्रतिनिधित्व जव्हारचे माजी संस्थानिक यशवंतराव मुकणे यांनी काँग्रेसतर्फे केले. म्हणजे डोंगरातल्या मतदारांचा कौल एकाच दिशेला बांधलेला नव्हता. परंतु संस्थानिकालाही आता मत मागून दिल्लीस जावे लागत होते, हा बदल ध्यानात घेण्याजोगा आहे.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर भारत संरक्षण कायद्याखाली कम्युनिस्टांची धरपकड झाली. गोदावरीबाईंच्या स्थानबद्धतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ मध्ये फेटाळला गेला. पक्ष दुभंगल्यावर दोघेही मार्क्सवादी पक्षात गेले. १९६४ च्या अखेरीस पुन्हा अटकसत्र झाले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात हृदयविकाराने शामरावांचे निधन झाले. प्रांतिक विधानसभेचा आणि लोकसभेचा हा माजी सभासद स्वतंत्र देशाच्या तुरुंगात, खटल्यावाचून स्थानबद्ध असताना गेला. त्यांच्या मतांशी ज्यांचे जमत नव्हते त्यांनाही या शेवटाने अस्वस्थ करावे.

पुढे १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा केंद्रीय कायदा झाला. १९७७ मध्ये डहाणू मतदारसंघातून लहानू शिडवा कोम हे आदिवासी कार्यकर्ते लोकसभेवर निवडून आले. परुळेकरांच्या चळवळीतच ते घडले होते. वनजमिनीवरील हक्क मान्य करणारा कायदा २००६ मध्ये झाला आणि पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. तरीही १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राला मान खाली घालावयास लावली. दिवाळीनंतर डोंगरपाड्यांतून वीटभट्ट्यांकडे निघणारी कुटुंबे आणि उन्हाळ्यात मुंबईच्या धरणांच्या उशाशी राहून हंडाभर पाण्यासाठी वणवण करणाऱ्या मोखाड्याच्या बायका अजून दिसतात.

म्हणून शामरावांचे स्मरण पुतळ्यापुरते ठेवून चालणार नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरील एखादे मूल उपाशी मरते, तेव्हा तो तालुक्याचा प्रश्न की देशाचा, हे ठरविण्याचे काम निवडून गेलेल्या माणसाचे असते. तो प्रश्न देशाचा आहे, असे मानून शामराव डोंगर चढले आणि दिल्लीला गेले. त्यांच्यामागून त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला मतदारांनी हीच एक कसोटी लावावी.