थॉमस गॅरेट

अमेरिकेतील डेलावेअर राज्यात १८६५ पर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती. त्याची उत्तर सीमा ओलांडली की पेनसिल्व्हेनियाची मुक्त भूमी लागे. त्या सीमेजवळच्या विल्मिंग्टन गावी थॉमस गॅरेट हे लोखंडाचे व्यापारी राहत असत. त्यांचा जन्म १७८९ साली एका क्वेकर कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांच्या घरी कामास असलेल्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीस दुष्टांनी पळवून नेले. गॅरेट यांनी माग काढून तिला सोडवून आणले, आणि पुढील आयुष्य याच कार्यास वाहिले.

रात्री-अपरात्री दार ठोठावणाऱ्या, दास्यातून पळालेल्या जीवांना ते अन्न देत, पैसे देत, पुढच्या वाटेस लावून देत. जोडेही देत, रक्ताळल्या पायांना जोड्यांचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको. स्वतः दास्यातून निसटलेली धाडसी हॅरिएट टबमन आपल्या सोबत्यांना घेऊन अनेकदा त्यांच्याच आश्रयास येई.

१८४८ साली एका कुटुंबास साहाय्य केल्याबद्दल न्यायालयाने त्यांना जबर दंड ठोठावला. वय साठीला टेकलेले. तरी दार बंद झाले नाही. त्यांच्या मोजणीनुसार सुमारे २,७०० जण त्यांच्या साहाय्याने पार झाले. १८७१ साली ते वारले, तेव्हा विल्मिंग्टनच्या कृष्णवर्णीय नागरिकांनी त्यांची शवपेटी खांद्यावरून वाहून नेली.